पत्त्यातला प्लस

नाव नोंदवताना फॉर्मने माझा प्लसवाला ईमेल पत्ता निमूट घेतला. मेलमधली लिंक दाबून जाहिराती बंद करायला गेलो, तर म्हणे 'इनव्हॅलिड ईमेल'. त्याच इनव्हॅलिड पत्त्यावर यांच्या जाहिराती मात्र बिनचूक पोचतात! शेवटी मदतकेंद्राला फोन लावला.

"प्लस म्हणजे पी-एल-यू-एस का सर?"

"नाही हो, बेरजेचं चिन्ह."

"ईमेलमध्ये बेरीज चालत नाही सर."

"मग तुमच्याकडे नोंद कशी आहे?"

"नोंद आहे, पण चुकीची आहे."

"मग खोडा ती."

"खोडायला त्या मेलवर ओटीपी पाठवावा लागेल."

"पाठवा की!"

"सिस्टीम घेत नाहीये सर, इनव्हॅलिड दाखवतेय. तुम्ही असं करा, प्लस काढून नवीन खातं उघडा. ते लगेच बंद करून देतो."

आता याला काय सांगणार, की १९८२ च्या आरएफसी ८२२ या ईमेलच्या नियमावलीपासून प्लस कायदेशीर आहे? ॲटच्या डावीकडे उद्गारचिन्ह, टक्का, डॉलरसुद्धा चालतात. जीमेल प्लसपासून ॲटपर्यंतचा मजकूर सोडून देतं आणि मेल त्याच इनबॉक्समध्ये टाकतं. म्हणून दर ठिकाणी प्लसपुढे वेगळा शब्द लावायचा. पत्ता कुणी विकला ते कळतं. (विकणारा हुशार असेल तर प्लस छाटूनच विकतो, ते सोडा.)

घोळ झाला तो लिंकमध्ये. लिंकच्या प्रश्नचिन्हापुढे उघडा प्लस आला की सर्व्हर बहुधा त्याला मोकळी जागा समजतो. तिथे %२बी हवं, आकडा आणि अक्षर दोन्ही इंग्रजी. फॉर्म भरताना हा बदल ब्राउझर गुपचूप करतो, पण मेलमधली लिंक बनवणाऱ्याने तो केला नाही. लिंकमध्ये पत्ता उघडा दिसत असेल, तर ॲड्रेस बारमध्ये प्लस खोडून %२बी लिहा आणि एंटर मारा. पुष्कळदा काम होतं.

ओ'ब्रायन आडनावाच्या माणसाचे हाल तर विचारू नका. वरचा स्वल्पविराम नियमात बसतो, पण डेटाबेस फुटेल या भीतीने फॉर्म तो नाकारतात. अरे, डेटाबेसला द्यायची आज्ञा, म्हणजे क्वेरी, नीट लिहा ना, त्याचं आडनाव काय कापता!

प्लस चालतच नसेल तर जीमेलवाल्यांनी टिंबाची जागा बदलावी. जीमेल टिंबं मोजत नाही. या जाहिरातवाल्यांच्या फॉर्मला टिंबं फार प्रिय आहेत. लागोपाठ दोन दिली तरी घेतो, आणि ती मात्र नियमात बसत नाहीत.