अलोन्सोसाठी रडलो नाही, म्हणून

मागच्या लेखावर एका वाचकाने चांगलीच झोड उठवली आहे. मुद्दा थोडक्यात असा: अमेरिकन बेसबॉलमधल्या न्यूयॉर्क मेट्स या आपल्या संघाचा फटकेबाज पीट अलोन्सो मेट्स सोडून बाल्टिमोर ओरिओल्सकडे गेला आणि मी 'व्यवहार ठीक झाला' असं लिहिलं, म्हणजे मी फॅन नाही, मुनीम आहे. बाहेरून आणलेल्या हुआन सोतोवर 76.5 कोटी डॉलर ओतणाऱ्या मेट्सच्या मालकाला घरच्या पोरासाठी 15.5 कोटी जड का व्हावेत? आणि जाता जाता टोला: 'चेन्नईने धोनीला असं सोडलं असतं का?'

मुनीम तर मुनीम. पण पीटबद्दल मला काही वाटत नाही, हे कशावरून? 3 ऑक्टोबर 2024, मिलवॉकी, हरलो की सीझन संपला अशी मॅच. नववी म्हणजे शेवटची इनिंग, आपण 0-2 मागे, एक आउट. आपले लिंडोर आणि निमो बेसवर आलेले. समोर मिलवॉकीचा पिचर डेव्हिन विल्यम्स आणि त्याचा तो गाजलेला चेंजअप, वेग कमी करून फसवणारा बॉल. पीटने तो उलट्या बाजूला, राइट फील्डच्या भिंतीपलीकडे धाडला आणि संपलेला सीझन पुन्हा सुरू झाला. आता गंमत बघा. विल्यम्स आपल्याकडे आला, 3 वर्षं, 5.1 कोटी. निमो टेक्सासला गेला, बदल्यात सेमियन. आणि पीट ओरिओल्समध्ये. हे वाचून पोटात खड्डा पडत नसेल तो मेट्सचा फॅनच नाही, मान्य.

पण तो होमरन होऊन गेला. त्याचे पैसे आता कोणी देत नाही. ओरिओल्स 15.5 कोटी देताहेत ते पीटच्या वयाच्या 31 ते 35 या पाच सीझनसाठी. सोतोने सही केली तेव्हा तो 26 वर्षांचा होता. तुम्ही दोन्ही आकडे शेजारी ठेवलेत, दोन्ही वयं ठेवली नाहीत.

त्यात पीट उजव्या हाताचा, धिप्पाड, फर्स्ट बेसमन (पहिल्या बेसवरचा फील्डर). 2025 मध्ये 38 होमर, 126 आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेले रन), 162 पैकी 162 मॅच, सगळं खरं. पण जूनमधला पीटचा तो थ्रो आठवतो? आपला पिचर सेंगा बेस कव्हर करायला धावला, बॉल वरून आला, तो पकडायला त्याने उडी मारली आणि हॅमस्ट्रिंग गेला. तेव्हा सेंगाची ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन, कमी तितकी चांगली) 1.47 होती आणि आपण 45 विजय, 24 पराभव. शेवट 83-79. सगळं खापर एका थ्रोवर फोडत नाही, पण पस्तिशीत तो थ्रो सुधारेल असं कोणी म्हणू नये.

धोक्याचं उदाहरण खुद्द बाल्टिमोरमध्येच आहे. 2016 च्या जानेवारीत त्यांनी ख्रिस डेव्हिसला 7 वर्षांसाठी 16.1 कोटी दिले. तोही फर्स्ट बेसमन, तोही होमरनचा राजा. 2018 मध्ये त्याची सरासरी .168, म्हणजे हजार अ‍ॅट-बॅट्समागे (बॅटिंगच्या खेपांमागे) 168 हिट, आणि पुढे सलग 54 अ‍ॅट-बॅट्समध्ये एकही हिट नाही. 2021 मध्ये तो निवृत्त झाला, पण हप्ते 2037 पर्यंत चालू आहेत. (आपला जुना खेळाडू बॉबी बोनिया याचे हप्ते अजून भरणाऱ्या आपण हसू नये.)

'मालक कोहेनकडे पैसा आहे' हे तर सगळेच म्हणतात. आहेच. पण लक्झरी टॅक्स विसरू नका. संघाच्या पगाराची बेरीज 30.4 कोटींच्या (2026 ची मर्यादा) वर गेली की मेट्ससारख्या नेहमीच्या करदात्याला वरच्या प्रत्येक डॉलरवर 110 टक्के दंड. पीटचे वर्षाला 3.1 कोटी म्हणजे खिशातून 6.5 कोटी. त्या पैशात पिचर येतो, आणि सप्टेंबरमध्ये आपल्याकडे पिचरच उरले नव्हते.

आता धोनी. चेन्नईने त्याला 2025 साठी ठेवलं, पण 'अनकॅप्ड' (देशासाठी न खेळलेला) दाखवून, 4 कोटी रुपयांत! मेजर लीगमध्ये असली सोय काढायला गेलात तर खेळाडूंची युनियन मालकांना उभं जाळेल. पीटला चौथाई पैशात राहा म्हणाला असतात का? आणि त्या मोसमात चेन्नई दहाव्या नंबरवर राहिली, हेही ध्यानात असू द्या.

तुमच्या रागाला एक चांगली जागा दाखवतो, आपली नववी इनिंग टाकणारा पिचर एडविन डिआझ. तो डॉजर्सकडे गेला, 3 वर्षं, 6.9 कोटी. बातम्या खऱ्या असतील तर मेट्सची ऑफर 6.6 होती. तीन वर्षांचाच करार, म्हातारपणाचा प्रश्नच नाही, तो बुलपेनमधून (राखीव पिचरांच्या जागेतून) निघाला की आपलं मैदान, सिटी फील्ड, उभं राहायचं, आणि आपण तीस लाखांवर अडलो? शिवाय नववी इनिंग आता ज्याच्या हातात जाणार, त्या विल्यम्सची आधीच्या संघाकडे, यँकीजकडे, 2025 ची ईआरए 4.79. दुसरी गोष्ट, पीटच्या जागी पोलांको, 2 वर्षं, 4 कोटी, ज्याने फर्स्ट बेस जवळजवळ खेळलेलाच नाही. अटलांटाचा लाडका फर्स्ट बेसमन फ्रीमन गेला तेव्हा त्यांनी त्याच्या जागी आधी ओल्सन आणून ठेवला होता. मेट्सचा कारभार पाहणाऱ्या स्टर्न्सने पीटला जाऊ दिलं याचा जाब मी विचारणार नाही. आपला ओल्सन कुठे आहे, ते मात्र मलाही विचारायचंय.