मेथीच्या जुडीखाली ग्रोट

रविवारी सकाळी ह्यांनी मेथी निवडायला घेतली आणि जुडीखालून ग्रोट निघाला.

चूक माझीच. जुन्या बाजारातून पुस्तक आणायचं ते पिशवीच्या तळाशी, त्यावर मेथी, मेथीवर कोथिंबीर, हा माझा गेल्या नऊ वर्षांचा शिरस्ता. घरात शिरलं की पिशवी आधी आतल्या खोलीत न्यायची, माल उतरवायचा आणि मग भाजी ओट्यावर. त्या दिवशी नेमका नणंदबाईंचा फोन आला. त्यांचे गुडघे, जावेचे गुडघे असं होईपर्यंत ह्यांनी पेपर पसरून जुडी सोडलीसुद्धा.

पुस्तकावरची मेथीची माती झटकत ह्यांनी विचारलं, "हा कितवा?"

"पाचवा."

"पाचवा का? बरं झालं," म्हणाले, आणि पुन्हा देठं खुडू लागले.

मला वाटलं, टोमणा. चौतीस वर्षांच्या संसारात 'बरं झालं' हे दोन शब्द ह्यांनी सरळ अर्थाने वापरल्याचं मला तरी आठवत नाही.

जॉर्ज ग्रोट ह्या गृहस्थाने ग्रीसचा इतिहास लिहिला आणि एव्हरीमन्स लायब्ररीने तो बारा खंडांत छापला. त्यातले अकरा आता माझ्याकडे झाले होते. सातवा नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरातलं जुलैचं पान कुणी फाडून न्यावं तशी ती फट रोज दिसते. अकरा खंड वाचलेत का, असं विचारू नका. सातवा नसताना सुरुवात कशी करणार? (हे उत्तर मी पाच नसतानाही द्यायचे.)

एव्हरीमन्स लायब्ररी ही पुस्तकमालिका काढली लंडनच्या जे. एम. डेंटने, १९०६ साली. डार्लिंग्टनच्या एका रंगाऱ्याचा हा दहावा मुलगा. बुकबाइंडिंग शिकला आणि पुढे प्रकाशक झाला. जगातली उत्तमोत्तम पुस्तकं एक-एक शिलिंगात द्यायची आणि अशी हजार काढायची, हा त्याचा बेत. संपादक म्हणून गाठला अर्नेस्ट ऱ्हीस, जो आधी कोळशाच्या खाणीत इंजिनियर होता. एकाने पुठ्ठे बांधलेले, दुसऱ्याने खाणी खणलेल्या. साहित्य अशाच माणसांच्या हाती द्यावं. पहिलं पुस्तक बॉझवेलने लिहिलेलं जॉन्सनचं चरित्र. पहिल्याच वर्षात दीडशेच्या वर पुस्तकं निघाली. हजारावं यायला मात्र १९५६ उजाडलं. डेंट १९२६ साली गेला, ऱ्हीस १९४६ साली. संग्रह पुरा होण्याआधी माणूस पुरा होतो, हे मी ह्यांना मुद्दाम सांगितलेलं नाही.

एक शिलिंग म्हणजे त्या वेळच्या हुंडणावळीने बरोबर बारा आणे. सोळा पेन्सचा रुपया होता, तेव्हा आण्याला पेनी असा सरळ हिशोब. पहिल्या महायुद्धात कागद महागला आणि तो शिलिंगही सुटला. मी मात्र या बारा आण्यांच्या वस्तूला कधी तीनशे मोजते, कधी सातशे, आणि घरी 'वीस रुपये' सांगते. खोटं नाही. मेथी वीसचीच असते.

नाद लागला तो फोर्टच्या फुटपाथवर. सहज एक पुस्तक उचललं. खिशात मावेल एवढं, कण्यावर सोनेरी वेलबुट्टी. पुठ्ठा उघडला तर आतल्या अस्तराच्या कागदावर रेजिनाल्ड नोल्सने काढलेली अशी घनदाट नक्षी, की पैठणीचा पदर बघावा. त्यात एका जुन्या इंग्रजी नाटकातल्या दोन ओळी. ज्ञान माणसाला म्हणतं, मी तुझ्यासंगे येईन, वाट दाखवीन, अगदी नडीच्या वेळी तुझ्या शेजारी असेन. मराठी माणसाला इथे तुकोबांचा सांगाती आठवला नाही तरच नवल. मी तिथेच विरघळले. पुस्तक कशावर होतं ते परतीच्या गाडीत कर्जत आल्यावर पाहिलं. इंग्लंडच्या चर्चचा इतिहास. असो.

मग नियम आले. अस्तर नोल्सचंच हवं. १९३५ साली एरिक रॅव्हिलियसने नवं रूप दिलं, ते चालणार नाही. शक्यतो पहिली छपाई हवी, म्हणून पुस्तक हातात आलं की आधी शीर्षकाचं पान उलटायचं. तिथे पहिल्या छपाईचं साल आणि त्याखाली पुनर्मुद्रणांची सालं असतात. एकच साल दिसलं की छातीत धडधड. सालांची उतरंड दिसली की तोंड वाकडं. जुन्या बाजारातला विक्रेता एकदा म्हणालासुद्धा, "ताई, तुम्ही पुस्तक घेताय की पत्रिका बघताय?"

नियम मोडला तो एकदाच, निकोल मॅक्निकलसाठी. हे स्कॉटिश मिशनरी आपल्या पुण्यातले. मराठी संतांचे एकशे आठ अभंग त्यांनी इंग्रजीत नेले, ते पुस्तक १९१९ चं. पुढे १९३८ साली एव्हरीमनसाठी त्यांनी हिंदू धर्मग्रंथांचा खंड संपादित केला, प्रस्तावना रवींद्रनाथांची. साल नियमाबाहेरचं, पण गाववाल्याला दारातून परत कसं पाठवणार?

आणण्यापेक्षा सांभाळणं कठीण. मुळात विषयाप्रमाणे कापडाचे रंग वेगवेगळे होते. पुण्याच्या उन्हाने कादंबरी काय न् तत्त्वज्ञान काय, सगळ्यांना भाजल्या खोबऱ्याचा एकच रंग दिला. पावसाळ्यात कसर लागते. मी कपाटात वेखंड, कडुनिंब आणि डांबरगोळ्या ठेवते. लेक म्हणते, आई, तुझ्या गिबनच्या रोमच्या इतिहासाला बाळंतिणीच्या खोलीचा वास येतो. कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली रव्याच्या डब्यात.

सातवा शेवटी इंग्लंडातल्या एका दुकानातून मागवला. पुस्तक चार पौंड, टपाल अठरा. जुन्या पुस्तकांच्या धंद्यातली भाषा वधू-वर सूचक मंडळासारखी असते. 'फाइन' म्हणजे खरोखर चांगलं. 'व्हेरी गुड' म्हणजे बरं. आणि नुसतं 'गुड' म्हणजे 'मुलगा मनाने चांगला आहे'. माझं गुड होतं.

पार्सल आलं तेव्हा मी हयातीचा दाखला द्यायला बँकेत. परतले तर दारात खोका फोडलेला आणि हे गॅलरीत झोपाळ्यावर, हातात सातवा, शेजारी चहाचा भरलेला कप.

"अहो! आधी पान उलटून साल बघा! आणि तो कप उचला!"

"बारा आण्यांचंच पुस्तक ना?" मान वर न करता उत्तर.

मला काहीतरी संशय आला. रव्याचा डबा उघडला. किल्ली होती, पण मी तळाशी पुरते, ती वरच पडलेली. कपाट उघडून ग्रोटचा पहिला खंड काढला, तर शेवटच्या पानात विजेच्या बिलाची घडी. दुसऱ्यात बिल, तिसऱ्यात बिल. हे वीज मंडळातून निवृत्त झाले, बिलं जपून ठेवतात, ते मला वाटायचं हिशोबासाठी. चौथ्यातलं बिल मेथीच्या रविवारच्या आधीचं. पाचव्यात आणि सहाव्यात त्यानंतरची. आठवा कोरा.

मी गॅलरीच्या दारात उभी राहिले.

"हा दोन महिने आधी आला असता," चहाचा घोट घेत हे म्हणाले, "तर मला मधेच गिबन सुरू करावा लागला नसता."