हिरव्या घुमटाचा 'ताजमहाल'

आमच्या नातलगांच्या ग्रुपवर हिरव्या घुमटाच्या एका हवेलीचा फोटो अधूनमधून उगवतो. खाली मजकूर ठरलेला: "ही इंग्लंडमधली ताजमहालाची हुबेहूब प्रतिकृती! आर्किटेक्टने आग्र्याला जाऊन मापं घेतली. आतही मुघल थाट. ब्रायटनचा राजवाडा याचीच नक्कल."

हवेली खरी आहे. ग्लॉस्टरशरमधली सेझिनकोट, साधारण 1805 ची. मालक चार्ल्स कॉकरेल, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये पैसा कमावून परतलेला.

हुबेहूब म्हणाल, तर फोटो जरा मोठा करून बघा. घुमट तांब्याचा, म्हणून हिरवा पडलेला. भिंती तांबूस छटेच्या दगडाच्या, संगमरवर नव्हे. वर छोट्या घुमटांच्या छत्र्या, खाली रुंद छज्जे. इंग्लंडच्या उन्हाला एवढे छज्जे कशाला, देव जाणे! बागेत सूर्याचं देऊळ आणि पुलाच्या कठड्यावर चक्क नंदी. कबरीवर नंदी कुणी बसवेल का?

मापं घेतली म्हणणाऱ्यांनी हे ऐका: आर्किटेक्ट सॅम्युएल पेपिस कॉकरेल, म्हणजे मालकाचा सख्खा भाऊ, भारतात कधी आलाच नाही. भारत पाहिलेला माणूस होता चित्रकार थॉमस डॅनियल. 1786 ते 1794 तो इथे फिरला आणि सेझिनकोटच्या बागेत त्याचाच सल्ला होता. हा डॅनियल आपल्याला अगदीच परका नाही. वेरूळच्या लेण्यांची त्याची चित्रं 1803 ला छापली गेली, तीही जेम्स वेल्स या दुसऱ्या चित्रकाराच्या रेखाटनांवरून. सवाई माधवरावांच्या दरबारातल्या 1790 च्या तहाचं मोठं चित्रही वेल्सच्याच तयारीवर त्याने 1805 ला पुरं केलं. म्हणजे एकीकडे पुण्याचा दरबार रंगवणं, दुसरीकडे ही बाग. मेसेजवाल्यांनी नेमकं हेच सोडलं.

आतला मुघल थाट ही तर शुद्ध थाप. दारातून आत गेलात की भारत संपला. जिना, दिवाणखाना, सगळं त्या काळच्या श्रीमंत इंग्रजाच्या घरात असायचं तसंच.

ब्रायटनचं मात्र निम्मं खरं. इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा राजा चौथा जॉर्ज, 1807 मध्ये सेझिनकोटला येऊन गेला, आणि आर्किटेक्ट जॉन नॅशने त्याचा ब्रायटनचा राजवाडा 1815 नंतर घुमटांनी मढवला. पण युवराजाच्या तिथल्याच तबेल्याचं भारतीय ढंगाचं काम 1803 लाच सुरू झालं होतं. ते आर्किटेक्ट विल्यम पॉर्डनचं, आणि पॉर्डन शिकला होता याच सॅम्युएल कॉकरेलच्या हाताखाली.