फक्त ब्रश नाही, नाक पण बघा
मुलांच्या तोंडाच्या वासाबद्दल लेखात सगळा भर ब्रश करण्यावर दिलाय, ते बरोबरच आहे पण आमच्याकडे कारण भलतंच निघालं. धाकटा अडीच वर्षांचा असताना इतका घाण वास यायचा की जवळ घेववत नव्हतं, दोन वेळा ब्रश, जीभ साफ, सगळं करून झालं, आणि मग लक्षात आलं की नाक एकाच बाजूने वाहतंय, पिवळट. डॉक्टरांनी बघितलं तर आत स्पंजचा तुकडा! कधी घातला देव जाणे. तो काढल्यावर एक-दोन दिवसांत वास गायब. त्यामुळे लहान मुलाचं एकाच नाकपुडीतून वास येणारं पाणी येत असेल तर सर्दी समजून थांबू नका, आणि घरी चिमटा घालून काढायला तर अजिबात जाऊ नका, वस्तू अजून आत जाते. बटणासारखा छोटा सेल असेल तर काही तासांत आतून भाजतं, लगेच पळायचं.

मोठीचं वेगळंच, ती ९ वर्षांची, तोंड उघडं ठेवून झोपते. रात्रभर तोंड कोरडं पडतं, लाळ कमी म्हणजे जंतूंना रान मोकळं, म्हणून सकाळी वास. तिचे अ‍ॅडेनॉइड्स, म्हणजे नाकाच्या मागच्या बाजूला असतात त्या गाठी, वाढलेले निघाले, म्हणून नाकाने श्वास नीट घेता येत नव्हता.

आणि हो, ६ वर्षांच्या आतल्या मुलांना माउथवॉश देऊ नका, गिळतात ती. ३ वर्षांपर्यंत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच पुरे, जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नको.