46-0 म्हणजे विषय संपला? ब्रिटिश-आयरिश बॉक्सरच्या त्या फॉरवर्डला उत्तर

एक फॉरवर्ड फिरून फिरून येतंय, तुम्हालाही आलं असेल. त्यात म्हटलंय की ब्रिटन-आयर्लंडचा आधुनिक काळातला सगळ्यात मोठा बॉक्सर म्हणजे जो कॅलझागी, कारण 46 फाईट्स, 46 विजय, विषय संपला. हेवीवेट चॅम्पियन लेनक्स लुईस बाद, कारण दोनदा नॉकआऊट झाला आणि तसाही तो कॅनडाचा. प्रिन्स नसीम नुसता शोमन. केटी टेलरला धरायचंच नाही, कारण बायकांचं वेगळं असतं.

चारही मुद्दे मला पटत नाहीत. पण सगळे सारखेच फालतू आहेत असंही नाही, म्हणून एकेक घेतो.

आधी तो शून्य. जत्रेतल्या कुस्त्या रेवड्यांवरच्या पोरांपासून सुरू होतात आणि मानाची कुस्ती दिवस मावळायला लागते. रेवड्यांवरच्या किती मारल्या हे कुणी विचारत नाही, शेवटची कुणाशी धरली ते विचारतात. कॅलझागीने ऑक्टोबर 1997 मध्ये ख्रिस युबँकला हरवून डब्ल्यूबीओ या जागतिक संघटनेचा सुपर मिडलवेट बेल्ट घेतला (खरं तर समोर स्टीव्ह कॉलिन्स असायचा होता, तो बाजूला झाला म्हणून युबँक आयत्या वेळी आला) आणि पुढे 21 वेळा राखला. आकडा भारी आहे, मान्य. पण ती यादी काढून बसा, मधल्या सात-आठ वर्षांतली किती नावं ओळखीची वाटतात सांगा. त्याची अमेरिकेतली पहिली फाईट एप्रिल 2008 मध्ये, वयाच्या 36 व्या वर्षी. समोर बर्नार्ड हॉपकिन्स 43 चा, पहिल्याच राऊंडमध्ये कॅलझागी खाली, शेवटी स्प्लिट डिसिजनवर, म्हणजे तीनपैकी दोनच जजांच्या कौलावर जिंकला. नोव्हेंबरमध्ये रॉय जोन्स, तो 39 चा आणि 2004 मध्येच दोनदा नॉकआऊट झालेला, तरी त्यानेही पहिल्या राऊंडला याला पाडलं. मग निवृत्ती. तोवर नॉटिंगहॅमचा कार्ल फ्रॉच कधीपासून हाका मारत होता, ती फाईट झालीच नाही.

आता कॅलझागीच्या बाजूचंही बोलायला पाहिजे. मार्च 2006 ची जेफ लेसीची फाईट कुणी बघितली नसेल तर आज रात्रीच बघा. लेसी 21-0, अमेरिकन, सगळे म्हणत होते हा कॅलझागीला तोडणार. त्यात हात दुखत होता म्हणून कॅलझागी माघार घ्यायच्या बेतात होता, बापाने, म्हणजे त्याचा कोच एन्झो, त्यानेच समजूत घालून रिंगमध्ये उतरवला. आणि मग बारा राऊंड त्या माणसाने लेसीला श्वास घेऊ दिला नाही, पाच-पाच सहा-सहा पंचेसचा पाऊस, नुसते चापट मारल्यासारखे दिसतात पण थांबतच नाहीत, शेवटी लेसीचा चेहरा बघवत नाही. पुढच्या वर्षी कार्डिफमध्ये मिकेल केसलर, तोही तेव्हा न हरलेला, त्यालाही हरवलं. म्हणजे माणूस थोरच. माझं भांडण त्याच्याशी नाही, 'शून्य हार म्हणून पहिला नंबर' या हिशोबाशी आहे.

याच हिशोबात लुईस मारला जातो. दोनदा नॉकआऊट झाला हे खरंच. 1994 ला वेम्बलीत ऑलिव्हर मॅककॉलने दुसऱ्या राऊंडमध्ये, 2001 ला दक्षिण आफ्रिकेत हसीम रहमानने पाचव्यात. रहमानच्या वेळी चूक शंभर टक्के लुईसची, हॉलिवूडच्या शूटिंगमध्ये रमला, उंचावरच्या ठिकाणी उशिरा पोचला, दमसास नव्हता, खाल्ला फटका. पण फॉरवर्डवाले इथेच थांबतात ना! सात महिन्यांनी लास व्हेगासला रिमॅच, चौथा राऊंड, लुईसचा डावा हात किंचित पुढे येतो, रहमानचे हात तिकडे बघत राहतात आणि मागून उजवा येतो. रहमान पाठीवर. मॅककॉललाही 1997 ला परत बोलावलं, तो तर रिंगमध्ये रडायला लागला आणि लढेचना, रेफ्रीला फाईट थांबवावी लागली. म्हणजे ज्या दोघांनी हरवलं त्या दोघांचंही उट्टं काढलं. 41 विजय, 2 पराभव, 1 बरोबरी, आणि करिअर संपलं तेव्हा त्याने हरवला नाही असा समोर लढलेला एकही माणूस उरला नव्हता.

ती बरोबरी तर आणखी मजेशीर. मार्च 1999, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, समोर दुसरा चॅम्पियन इव्हँडर होलीफिल्ड. ठोसे मोजणाऱ्यांच्या हिशोबात लुईसचे 348 लागले, होलीफिल्डचे 130. पाचव्या राऊंडमध्ये लुईस त्याला धुतोय, आणि एका जजने तोच राऊंड होलीफिल्डला दिला! दुसऱ्याने बरोबरी दिली, आणि तो जज ब्रिटिश होता, आता बोला. नोव्हेंबरमध्ये परत लढून लुईसने सगळे बेल्ट घेतलेच. पुढे माइक टायसन (उतरणीला लागलेला, मान्य), आणि शेवटची फाईट 2003 ला विताली क्लिच्को, तो पॉइंट्सवर पुढे होता, त्याच्या डोळ्यावर जखम झाली म्हणून थांबली. यात नशीब होतं हे मी नाकारत नाही.

ब्रिटिश हेवीवेट टायसन फ्युरीच्या चाहत्यांसाठी एवढंच: 2015 ला डुसेलडॉर्फमध्ये वितालीचा भाऊ व्लादिमिर क्लिच्कोला हरवलं ते जबरदस्त, अमेरिकन डिऑन्टे वाइल्डरच्या फाईट्स त्याहून. पण मध्ये अडीच वर्षं रिंगच्या बाहेर, आणि 2024 मध्ये युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिककडून दोनदा हार, दुसरी वेळ हिशोब चुकता करायची होती, तीही गेली.

कॅनडाचा मुद्दा. लुईस लंडनमध्ये वेस्ट हॅमला जन्मला, 12 व्या वर्षी कॅनडाला गेला, 1988 चं सोलचं सुवर्ण कॅनडासाठी, मग प्रोफेशनल झाला तो ब्रिटनमध्ये. या चाळणीत घालायचं तर कॅलझागीचा बाप सार्डिनियाचा आणि नसीमचे आईबाप येमेनचे, त्यांचं काय करायचं? आणि आयरिश बॉक्सर बॅरी मॅकग्विगनचं? गाव क्लोन्स, आयर्लंड रिपब्लिकमध्ये, 1978 चं कॉमनवेल्थ सुवर्ण उत्तर आयर्लंडसाठी, 1980 चं ऑलिम्पिक आयर्लंडसाठी, नंतर ब्रिटिश टायटल लढता यावं म्हणून ब्रिटिश नागरिकत्व. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षात बॉम्ब फुटत होते त्या काळात हा माणूस झेंडा न लावता शांतीचं कबूतर लावून लढायचा आणि दोन्हीकडची माणसं शेजारी बसून ओरडायची. तिथे पासपोर्ट बघून यादी करणाऱ्याला साष्टांग नमस्कार.

नसीम शोमन होताच, रोपवरून कोलांटी मारून आत यायचा. पण 36 विजयांत 31 नॉकआऊट कोलांटीने येत नाहीत. डिसेंबर 1997 ला केव्हिन केलीविरुद्ध तीनदा पडून उठला आणि चौथ्या राऊंडमध्ये त्याला झोपवला. माझी तक्रार वेगळी आहे, 2001 ला मेक्सिकोच्या मार्को अँटोनियो बरेराने हरवून धडा शिकवल्यावर हा एकच फाईट लढून घरी गेला. लुईस परत आला, हा नाही आला.

केटी टेलरचा मुद्दा सगळ्यात बिनबुडाचा. ब्रे गावची ही मुलगी लहानपणी 'के. टेलर' असं नाव लावून मुलगा बनून लढायची, कारण आयर्लंडमध्ये मुलींना परवानगीच नव्हती. लंडन 2012 ला बायकांचं बॉक्सिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं, हिने सुवर्ण घेतलं. तीच ती स्पर्धा, जिथे आपली मेरी कोम सेमीफायनलला लीड्सच्या निकोला ॲडम्सकडून हरली. मग एप्रिल 2022, तेच मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बायकांची फाईट तिथे मुख्य म्हणून पहिल्यांदाच. पाचव्या राऊंडमध्ये अमांडा सेरानोने तिला असं झोडपलं की पाय लटपटत होते, वाटलं संपलं. ती उभी राहिली आणि फाईट जिंकली. 2023 ला डब्लिनमध्ये शँटेल कॅमेरॉनकडून हरली, सहा महिन्यांत त्याच शहरात तिला हरवून परतफेड केली. लुईसला लावलेलंच माप लावा, बसतं की नाही?

माझी यादी: लुईस, टेलर, कॅलझागी, फ्रॉच, नसीम. फ्रॉचला चौथा का, तर त्याने कुणाला टाळलं असं मला एकही नाव सापडत नाही. पाचव्या जागेवर मात्र मी स्वतःच डळमळीत आहे, कारण जून 2005 ला मँचेस्टरमध्ये रात्री दोनच्या सुमाराला तिथल्याच रिकी हॅटनने चॅम्पियन कोस्त्या झूला अकरा राऊंड असं चिकटून कुटलं की बाराव्यासाठी तो स्टुलावरून उठलाच नाही, आणि ती फाईट परत लावली की नसीमचं नाव खोडावंसं वाटतं.