तुकडा काढल्याने कर्करोग पसरत नाही, आणि तंबाखूवरचा ठपका लंडनहून आलेला नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. तपासणीसाठी तुकडा काढला की कर्करोग अंगभर पसरतो. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो हा सिद्धान्त परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरांनी आपल्या पान-सुपारीच्या परंपरेला बदनाम करण्यासाठी इथे आणला. इंग्रज येण्यापूर्वी आपल्याकडे हा रोगच नव्हता. आणि पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारा डॉक्टर, हा काचेवरचा डाग पाहून सही ठोकणारा माणूस असल्यामुळे त्याच्या शब्दावर शस्त्रक्रिया करून घेऊ नये, असे त्याचे चार मुद्दे आहेत. एरवी मी हे वाचून सोडून दिले असते. परंतु आयुष्यभर मिशरी लावत आलेल्या माझ्या थोरल्या मावशीने, गालाच्या आत पांढरा चट्टा उठलेला असताना, हा मजकूर वाचून बायोप्सीची ठरलेली तारीख रद्द केली. त्यामुळे आता गप्प बसणे शक्य नाही.

चारांपैकी सर्वांत घातक मुद्दा पहिला आहे. तोंडातल्या चट्ट्याची बायोप्सी म्हणजे ती जागा बधिर करून चट्ट्याच्या कडेचा काही मिलिमीटरांचा तुकडा काढणे. तो फॉर्मलिनमध्ये टिकवतात, त्यातले पाणी काढून मेणात बसवतात, मायक्रोटोम नावाच्या कापयंत्रावर त्याचे एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ काप घेतात आणि रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशी केवळ वेड्यावाकड्या झाल्या आहेत, की आवरणाखालचा पातळ पडदा ओलांडून त्या आतल्या ऊतींत घुसल्या आहेत, हे तेथे दिसते. पांढरा चट्टा बुरशीचा असू शकतो, लायकेन प्लेनस या दाहाच्या विकाराचा असू शकतो, पुढे कर्करोगात बदलू शकणारा ल्युकोप्लाकिया असू शकतो किंवा कर्करोगच असू शकतो. या चौघांचे उपचार निरनिराळे आहेत आणि नुसत्या डोळ्यांनी पाहून अनुभवी डॉक्टरही खात्री देत नाही. मग लोकांना तुकडा काढल्यावर रोग वाढलेला का दिसतो? कारण आपल्याकडे बहुतेक माणसे गाठ मानेत उतरल्यावर, तोंड उघडेनासे झाल्यावर तपासणीला येतात. तेव्हा रोग आधीच पसरलेला असतो, पुढच्या काही महिन्यांत तो स्वतःच्या गतीने वाढतो आणि दोष मात्र सुरीला मिळतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढाच त्याचा अर्थ.

यात अर्धे सत्य आहे, तेही मान्य करतो. यकृताच्या काही गाठींत सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणे क्वचित आढळतात, अंडकोशाच्या संशयित गाठीत बाहेरून सुई घालण्याचे टाळले जाते, आणि हाडाच्या कर्करोगात बायोप्सीची वाट पुढच्या शस्त्रक्रियेत काढून टाकता येईल अशी आखतात. ही काळजी डॉक्टरांनीच शोधून नियमांत बसवलेली आहे. तिचा आधार घेऊन गालावरच्या चट्ट्याची तपासणी थांबवणे म्हणजे रोगाला मोकळे रान देणे होय.

दुसऱ्या मुद्द्याने मला विशेष संताप येतो, कारण तो डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे सारे आयुष्य पुसून टाकतो. १८९५ मध्ये क्वेट्ट्यात जन्मलेल्या या माणसाने लंडन विद्यापीठात विकृतिशास्त्राचे, म्हणजे पॅथॉलॉजीचे, उच्च शिक्षण घेतले, हे खरे. पण परत आल्यावर त्यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज येथे अध्यापन केले, आणि १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा घेतली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९४४ मध्ये, 'कॅन्सर रिसर्च' या नियतकालिकात त्यांचा मुंबईतील मुखकर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा कर्करोग आणि धूम्रपान यांविषयीचा डॉल आणि हिल यांचा गाजलेला ब्रिटिश अभ्यास १९५० चा आहे. सहा वर्षे आधी परळला मांडलेली गोष्ट लंडनहून आयात कशी झाली, हे मजकूर लिहिणाऱ्याने सांगावे. त्याआधी १९३३ मध्ये ऑर या मिशनरी डॉक्टरने विडा खाणाऱ्यांच्या मुखकर्करोगावर लिहिले होते. तो परदेशी होता खरा, पण त्याचे रुग्ण त्रावणकोरचे होते. पुढे १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांनी रुग्णांच्या सवयींची इतरांच्या सवयींशी तुलना करून 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दाखवले की, चघळणाऱ्यांत रोगाचा ओढा तोंडाच्या पोकळीकडे आणि ओढणाऱ्यांत घशाकडे असतो. ज्या बाजूला तंबाखूचा बार धरावा त्या बाजूचा गाल आणि हिरडी यांमधला कोपरा बिघडावा, ही गोष्ट त्यांना परंपरेचा द्वेष शिकवत नव्हता, रुग्णाचे तोंडच दाखवत होते. तंबाखू खाणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होत नाही, हेही खरे. पण त्याने धोका नाहीसा होत नाही. आणि आता नुसती सुपारीदेखील कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेली आहे.

तिसऱ्या मुद्द्यासाठी दोन वाक्ये पुरेत. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीयांचे सरासरी आयुर्मान तिशीसुद्धा गाठत नव्हते, त्यामुळे उतारवयातला रोग कमी दिसणे स्वाभाविकच होते. तरीही भारतात कर्करोग दुर्मीळ नाही, हे विश्वनाथ आणि ग्रेवाल या संशोधकांनी रुग्णालयांच्या नोंदींवरून १९३० च्या दशकातच दाखवून दिले होते.

राहिला पॅथॉलॉजिस्टचा मुद्दा. १९४५ मध्ये खानोलकर आणि सूर्याबाई यांनी राहणीच्या सवयींमुळे होणाऱ्या तीन कर्करोगांचे वर्णन केले. धोतर वर्षानुवर्षे घट्ट नेसून कमरेची कातडी जिथे घासली जाते तिथला एक, चुट्ट्याचे, म्हणजे गावठी चिरुटाचे, जळते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा दुसरा आणि ओठामागे खैनी ठेवणाऱ्यांचा तिसरा. नुसत्या काचेवर यातले काहीही उमगले नसते. रुग्ण धोतर कसे नेसतो, चुट्टा कसा ओढतो, खैनीची गोळी कोठे ठेवतो, हे विचारावेच लागले. पुढे खानोलकरांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभारले, कुष्ठरोग मज्जातंतूंत कसा शिरतो याचा अभ्यास केला आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूपदही सांभाळले. आजही तोंडातला तुकडा प्रयोगशाळेत पाठवताना सोबतच्या कागदावर रुग्णाचे वय, तुकडा नेमका कोणत्या जागेवरून घेतला आणि तंबाखू, सुपारी, मिशरी यांपैकी कोणती सवय किती वर्षांपासून आहे, हे लिहायचे असते, आणि ते लिहिलेले नसेल तर चांगला पॅथॉलॉजिस्ट फोन करून विचारतो.