सही अध्यक्षाची, कायदा काँग्रेसचा

‘अमेरिकेत अध्यक्षाने सही केली की झाला कायदा. संसद आणि कोर्ट नुसतं बघत बसतात. मनात आलं तर ग्रीन कार्डाची रांगही तो एका सहीत संपवेल,’ असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. मुलं तिकडे असलेले आईबाप तो वाचून कधी धास्तावतात, कधी खोट्या आशेवर राहतात. म्हणून हे उत्तर.

सही म्हणजे कायदा नव्हे. राज्यघटनेच्या पहिल्याच कलमाने कायदे करण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिला आहे. अध्यक्ष एकटा सही करून काढतो तो कार्यकारी आदेश, हा सरकारी खात्यांना दिलेला हुकूम असतो आणि त्याला घटनेचा किंवा एखाद्या कायद्याचा आधार लागतो. पुढचा अध्यक्ष तो रद्दही करू शकतो. ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी बायडेन यांचे कितीतरी आदेश असेच मोडीत काढले.

कोर्ट बघत बसतं, हेही खोटं. १९५२ मध्ये कोरियात युद्ध चालू असताना पोलाद कामगारांचा संप तोंडावर आला, तेव्हा अध्यक्ष ट्रूमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेण्याचा आदेश काढला. सर्वोच्च न्यायालयाने तो ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द केला. युद्धाची सबब चालली नाही. कारखाने मालकांना परत गेले. जन्मसिद्ध नागरिकत्वावर, म्हणजे अमेरिकेत जन्मल्यामुळे मिळणाऱ्या नागरिकत्वावर, बंधनं घालणारा ट्रम्प यांचा आदेश निघाल्यावर तीनच दिवसांत सिएटलच्या न्यायाधीशांनी तात्पुरता रोखला.

पण ‘कोर्ट आहे, काळजी नको’ असं मी म्हणणार नाही. १९४२ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या एका आदेशाच्या आधारे जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत डांबलं. त्यातले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. १९४४ मध्ये कोर्टाने सरकारचीच बाजू उचलून धरली. माफी आणि हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर देणारा कायदा काँग्रेसने केला तो थेट १९८८ मध्ये. सहीची धास्ती खरी आहे, ती इथे.

राहिली ग्रीन कार्डाची रांग. अध्यक्ष शुल्क वाढवू शकतो, तपासणी जाचक करू शकतो. पण नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण ७ टक्केच, ही मर्यादा कायद्यातली आहे. ती काढायला काँग्रेसच हवी. २०१९ मध्ये काँग्रेसच्या एका सभागृहाने, प्रतिनिधीगृहाने, तसं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं, २०२० मध्ये दुसऱ्या सभागृहाने, सिनेटने, आपला वेगळा मसुदा मंजूर केला. दोन्हींचा मेळ बसला नाही, त्यामुळे अध्यक्षाच्या टेबलावर सहीसाठी काही पोचलंच नाही.